गिऱ्हाईक कोणत्या वाटेने आले?

दुकान मेहकर तालुक्यातील डोणगावात असो की मुंबईत, नवे गिऱ्हाईक आले की व्यापारी सहज विचारतो, "आमचे नाव कोणी सांगितले?" जाहिरातीचा पैसा कुठे घालायचा, ते या उत्तरावर ठरते. वेबसाइटवर गिऱ्हाईक समोर नसते. तेथे हा हिशेब कसा लागतो, ते आज आपण पाहू.

दुसऱ्या साइटवरील लिंक दाबून कोणी आपल्या साइटवर आला, की त्याचा ब्राउझर मागील साइटचा पत्ताही साधारणपणे कळवतो. याला 'रेफरर' म्हणतात. २००५ साली सुरू झालेल्या गूगल ॲनालिटिक्ससारख्या सेवा या नोंदीवरून खाती पाडतात: शोधातून आलेले, अन्य साइटवरून आलेले, सोशल मीडियावरून आलेले.

खरी गफलत 'डायरेक्ट' या खात्यात होते. या लोकांनी आपला पत्ता स्वतः टाइप केला, असा समज होतो. प्रत्यक्षात ज्यांची मागील वाट कळली नाही, ते सर्व येथे जमा होतात. व्हॉट्सॲपवरील लिंक दाबणारे आणि पत्रकावरील क्यूआर कोड स्कॅन करणारे बहुधा याच खात्यात जातात.

समजा, डोणगावच्या एका कापड दुकानदाराने फेसबुकवर जाहिरात दिली आणि पत्रकेही वाटली. अहवालात १०० पैकी ३० जण फेसबुकचे आणि ६० 'डायरेक्ट' दिसले. पत्रके वाया गेली असे समजून त्याने ती बंद केली, तर चालता मार्गच बंद होण्याचा धोका आहे.

यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे 'यूटीएम' खूण. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन स्रोत, माध्यम व मोहीम यांची नावे जोडायची. व्हॉट्सॲपला एक खूण, पत्रकाच्या क्यूआर कोडला दुसरी. स्पेलिंग मात्र नेहमी एकच ठेवावे. इंग्रजी मोठे व लहान अक्षर बदलले तरी वेगळे खाते पडते.

गावांच्या तक्त्यावरही फार विसंबू नये. ठिकाणाचा अंदाज इंटरनेट जोडणीवरून बांधला जातो. त्यामुळे डोणगावात मोबाइल पाहणारा माणूस नागपूरचा किंवा मुंबईचाही दिसू शकतो.

शेवटी, येणारे किती यापेक्षा घेणारे किती, हे महत्त्वाचे. महिनाअखेर साइटचा अहवाल आणि विक्रीची वही शेजारी ठेवून पाहावी, आणि मगच पुढील जाहिरातीचा पैसा काढावा, असे आम्ही सुचवतो.