बांधकाम चालू असता अग्निभय

पुऱ्या झालेल्या इमारतीपेक्षा काम चालू असलेल्या इमारतीस आगीचे भय अधिक असते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात येते. पुऱ्या इमारतीत दारे असतात, जिने मोकळे असतात, नळाला पाणी असते. काम चालू असता यांपैकी कशाचाच भरवसा नसतो. परांचीचे बांबू, सेंट्रिंगच्या फळ्या, रिकाम्या गोण्या, रंगाचे डबे आणि मजुरांच्या चुली मात्र एकाच आवारात असतात. संस्थेच्या जुन्या वाड्याच्या छपराची दुरुस्ती आता निघणार आहे आणि तळमजल्यावर विद्यार्थी राहतात, म्हणून हा विषय सभासदांपुढे मांडीत आहोत.

इंग्लंडात ससेक्स परगण्यात अपपार्क नावाचा सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला वाडा आहे. ३० ऑगस्ट १९८९ रोजी त्याच्या छपरावरील शिशाचे पत्रे दुरुस्त करताना ज्योतीची धग खालच्या लाकडास लागली. छप्पर व वरचा मजला गेला. लोकांनी रांग धरून हातोहात सामान बाहेर काढले, म्हणून तळमजल्यावरील पुष्कळशा वस्तू वाचल्या. वाडा पुन्हा उभा राहून खुला व्हावयास १९९५ साल उजाडले.

यात ध्यानात घेण्यासारखे हे की, लाकूड नेहमी लगेच भडकत नाही. फटीत, भुशात वा जुन्या कौलांखालच्या कचऱ्यात शिरलेली ठिणगी बराच वेळ नुसती धुमसते. तोवर वेल्डर घरी गेलेला असतो आणि मुकादमाने कुलूप घातलेले असते. म्हणूनच अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांत अशा कामाभोवती पस्तीस फुटांतील जळाऊ वस्तू हलविण्यास सांगितले आहे, आणि काम थांबल्यावर पहाऱ्याची पूर्वीची अर्ध्या तासाची मुदत २०१९ च्या आवृत्तीत एक तास केली आहे.

लाल बादल्या टांगल्या की कर्तव्य संपले, ही रीत आम्हांस पसंत नाही. रोज सकाळी मुकादमाबरोबर फिरून आज कोठे ज्योत पेटणार, तिच्याजवळ काय जळेल आणि वरची माणसे कोणत्या वाटेने उतरतील, एवढे तीन प्रश्न विचारावेत. गॅसची टाकी खोलगट जागी ठेवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तेथे साचून राहतो.

पहाऱ्याच्या तासाची मजुरी ठेक्याच्या कागदातच लिहावी, नाहीतर तो तास कोणी देणार नाही. दुपारी तीननंतर छपरावर ज्योत पेटवू देऊ नये. म्हणजे पहारा दिवसाउजेडीच पुरा होईल आणि मुले निजण्यापूर्वी तुळयांना एकदा हात लावून पाहता येईल.