ओटीपोटाचं दुखणं अंगावर काढू नकोस

अगं, ओटीपोटात दुखलं की आपल्याकडे एकच उत्तर ठरलेलं: 'पाळीचं असेल.' असेलही. पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने खूण करत जा. पाळीच्या पहिल्या दिवशी गोल, दुखेल त्या दिवशी 'डा' किंवा 'उ', म्हणजे डावीकडे की उजवीकडे. ताप, उलटी, लघवीला जळजळ, अंगावरून वास येणारं पांढरं जाणं, असलं काही असेल तर तेही. सासूबाईंनी विचारलं तर दुधाचा हिशेब म्हण.

दोन-तीन महिन्यांत मेळ लागायला लागतो. पुढच्या पाळीआधी साधारण १४ दिवस एकाच बाजूला दुखून एक-दोन दिवसांत थांबत असेल, तर बहुधा ते बीज सुटतानाचं दुखणं. गरम पाण्याची पिशवी घे. दुखण्याची गोळी घ्यायचीच झाली तर उपाशीपोटी नको.

पण पाळीच्या आधीपासून सुरू होऊन नंतरही रेंगाळतं, शौचाला कळ येते, नवऱ्याजवळ जाताना आत दुखतं, असं असेल तर एंडोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. साधारण दहात एकीला हा त्रास असतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तो नाहीच, असं नाही. निदानाला वर्षं जातात, त्याचं एक कारण म्हणजे ती तिसरी गोष्ट बायका डॉक्टरांना सांगतच नाहीत. तू सांग. डॉक्टर हे रोज ऐकतात.

रिपोर्टात 'सिस्ट' दिसलं म्हणून रडत बसू नकोस. तरुण वयातली लहानशी, पाण्याची गाठ बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत आपली आपण जिरते. मोठी असेल, पाच सेंटिमीटरच्या पुढची, तर बीजकोशाला पीळ पडायची भीती असते. मग एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या. तेव्हा ओवा-हिंग करत बसायचं नाही. मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा, कारण रक्तपुरवठा तुटला तर बीजकोश हातचा जातो. पाळी चुकलीय, एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला कळ जातेय, तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. तिथेही तसंच.

आणि कुणी झटक्यात 'पिशवी काढून टाका' म्हणालं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. बीडकडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९मध्ये केवढं गाजलं, आठवतंय ना? दुखणं आतड्याचं किंवा मूत्राशयाचं असेल तर पिशवी गेली तरी ते राहतंच. वर बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात.

आता तुझ्या आईचं. ताईची पाळी जाऊन किती वर्षं झाली! रोज पोट फुगतंय, दोन घासांत भरतंय, सारखं लघवीला जावं लागतंय, असं दोन-तीन आठवडे चाललं तर त्याला गॅस म्हणायचं नाही. सोनोग्राफी करून घ्यायची. ती टाळेल, तेव्हा मला फोन कर, मी घेऊन जाते तिला.