सशाच्या कानांतील खरूज

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वर्गांतील एक मुलगा आपला पांढरा ससा टोपलींत घालून शाळेंत घेऊन आला. ससा वरचेवर मान झाडीत होता व मागच्या पायानें कान खाजवीत होता. कानाच्या आंत तपकिरी खपल्यांचे थर जमले होते. मुलानें मोठ्या मायेनें त्या नखानें काढण्याचा यत्न केला. परंतु खालची त्वचा सोलून रक्त आलें, व तेव्हांपासून ससा त्याचा हात पाहतांच कोपऱ्यांत दडूं लागला. माया होती, ज्ञान नव्हतें. म्हणून या विषयावर आम्ही चार शब्द लिहीत आहों.

या रोगाचें कारण सोरोप्टीस नांवाचा माइट होय. माइट हा कीटक नव्हे. तो कोळी व गोचीड यांच्या कुळांतील आहे. पूर्ण वाढल्यावर त्यास आठ पाय असतात, अंड्यांतून निघालेल्या पिलास मात्र सहाच. त्याची लांबी सुमारें अर्धा मिलिमीटर. गळून पडलेली खपली काळ्या कागदावर ठेवून भिंगांतून पाहिल्यास पांढरे ठिपके हलतांना दिसतात. हा माइट त्वचेंत शिरत नाहीं. वर राहूनच तिला इजा करितो. तींतून स्रवणारा द्रव वाळून खपली बनते, आणि तिच्याच आश्रयानें त्याचा वंश वाढतो.

सशांस दुसरेही माइट लागतात. सारकॉप्टिस त्वचेंत बिळें करून नाक, ओठ व पंजे यांवर खरूज आणतो. शायलेटिएलामुळें पाठीवर कोंडा पडतो, व ससा मांडीवर घेणाऱ्यांच्या अंगावरही कधीं कधीं पुरळ उठतें.

ससा आपलें दुखणें लपवितो. रानांत दुबळा दिसणारा प्राणी आधीं मारला जातो. दुर्लक्षामुळें रोग कानांत खोल गेला, तर मान एका बाजूस कलते व तोल जातो.

मग करावें काय? खपल्या ओढूं नयेत. माइट मेल्यावर त्या आपोआप गळतात. रॉकेल लावूं नये. कुत्र्यांच्या गोचिडांवरील फिप्रोनिल हें औषध तर सशास प्राणघातक ठरूं शकतें. पशुवैद्य बहुधा आयव्हरमेक्टिन देतात. जपानांतील मातींत सांपडलेल्या सूक्ष्म जंतूपासून त्याचा शोध लागला, व त्याबद्दल साटोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. परंतु या औषधानें अंडीं मरत नाहींत. म्हणून सुमारें १० ते १४ दिवसांनीं पुन्हां मात्रा द्यावी लागते. पहिल्या मात्रेनेंच ससा बरा दिसतो, पालक खर्च वांचवितात, आणि रोग परततो! मात्रा सशाच्या वजनावर ठरते. ती घरीं अंदाजानें देऊं नये. घरांतील सर्व सशांस एकदमच उपचार करावे. माइट अंगाबाहेरही कांहीं दिवस जगतात, यास्तव पिंजऱ्यांतील गवत टाकून पिंजरा कढत पाण्यानें धुवावा.

आपल्या नागपुरांत सेमिनरी हिल्स येथें १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेव्हां सल्ल्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं.

त्या मुलाचा ससा दुसऱ्या मात्रेनंतर बरा झाला. कान महिन्याभरांत स्वच्छ झाले. हाताची भीति जाण्यास मात्र त्याहून अधिक दिवस लागले. विद्यार्थिमित्रांनो, दर रविवारीं उजेडांत सशाचे कान पाहत जा. मुक्या जिवास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं; तें ओळखणें हें पाळणाऱ्याचें काम आहे.