चिमुकल्या विमानाची सागरझेप

कॅनडाच्या पूर्व टोकाशी केप स्पिअर नावाचे भूशिर आहे. ९ ऑगस्ट २००३ रोजी सायंकाळी तेथून एक चिमुकले विमान आकाशात झेपावले. त्याचे निर्माते मेनार्ड हिल हे अमेरिकन गृहस्थ ७७ वर्षांचे होते. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ऐकूही कमी येत असे. तरीही हलक्या बाल्सा लाकडाचे तुकडे बोटांनी चाचपून त्यांनी हे विमान घडविले. इंधनासह त्याचे वजन ५ किलोग्रॅमही नव्हते! यापूर्वी सोडलेली त्यांची विमाने अटलांटिक महासागराने गिळली होती. पण हिल खचले नाहीत.

आरंभी किनाऱ्यावरून रेडिओच्या संदेशांनी विमान चालविण्यात आले. पुढे त्यातील स्वयंचलित यंत्र उपग्रहांच्या साहाय्याने दिशा राखू लागले. खाली अथांग पाणी आणि टाकीत मोजकेच इंधन! दोन रात्री सरल्या. ११ ऑगस्टला आयर्लंडच्या किनाऱ्यावर एक ठिपका दिसला. तेथे वाट पाहणाऱ्या सहकाऱ्याने रेडिओने त्याचा ताबा घेतला व ते अलगद उतरविले. ३८ तास ५२ मिनिटांत त्याने सुमारे ३,००० किलोमीटर अंतर कापले होते.

हिल यांचे डोळे मंदावले होते, त्यांची जिद्द नव्हे.