खोटा आरोप व खरें उत्तर

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें २१:२७–३०, २४:१–२७.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतून आज पुष्कळ मुलें व मुली शहरांतील महाविद्यालयांत शिकत आहेत. कित्येक घरांत विद्यापीठाचें तोंड पाहणारें तें पहिलेंच लेंकरूं असतें. त्याच्या फीसाठीं बापानें शेळ्या विकलेल्या असतात, आईनें दुसऱ्याच्या शेतांत खुरपणी केलेली असते. म्हणून परीक्षेंत नक्कल केल्याचा आरोप त्याजवर आला म्हणजे तो एकट्या त्याजवर येत नाहीं. साऱ्या घरावर व मंडळीवर येतो. आरोप खरा असेल तर पश्चात्ताप व कबुली हाच मार्ग आहे, आणि त्याविषयीं आपण पुष्कळदां ऐकिलें आहे. पण आरोप खोटा असेल तर काय करावें, हें आपणांस फारसें कोणी शिकविलेलें नाहीं. आजचा पाठ त्याविषयीं आहे.

आरंभीं आमची एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या देखरेखीखालील एका मंडळींतील तरुण पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेस बसला होता. पेपर चालू असतां भरारी पथक आलें, आणि त्याच्या बाकाखालीं एक लिहिलेली चिठ्ठी सांपडली. चिठ्ठी आपली नव्हे, असें तो म्हणाला. "कबूल आहे असें लिहून दे, म्हणजे लवकर सुटशील," असें त्याला कोणीसें सांगितलें. पण त्यानें तसें लिहून दिलें नाहीं. तो गांवीं पोहोंचण्यापूर्वींच बातमी पोहोंचली होती. त्याला एक शब्दही न विचारतां आम्हीं निरोप पाठविला कीं, प्रकरण मिटेपर्यंत त्यानें रविवारच्या शाळेचा वर्ग घेऊं नये. मंडळीची अब्रू राखावी, हा आमचा हेतु होता. परंतु म्हणणें न ऐकतां निवाडा केला, तो प्रथम आम्हींच.

१. आरोप कसा उत्पन्न होतो

यरुशलेमांत पौलावर मंदिर विटाळल्याचा आरोप आला, तो कशावरून, हें लूक स्पष्ट सांगतो. लोकांनीं इफिसकर त्रफिमाला पौलाबरोबर नगरांत पाहिलें होतें. त्यावरून पौलानें त्याला मंदिरांतही नेलें असावें, असा त्यांनीं तर्क केला. नगरांत पाहिलें, हें खरें. मंदिरांत नेतांना कोणीं पाहिलें नव्हतें. तेवढ्या तर्कावर सारें शहर खवळलें.

आजही असेंच घडतें. चिठ्ठी बाकाखालीं होती, हें पाहिलेलें. ती अमक्यानेंच टाकली, हा तर्क. दोघांचीं उत्तरें सारखीं आहेत, हें पाहिलेलें. पण एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें, किंवा दोघांनीं एकाच गाइडांतून पाठ केलें, हें अजून ठरावयाचें असतें. म्हणून आरोप कानीं आला म्हणजे त्यांत पाहिलेलें किती व तर्कानें जोडलेलें किती, हें प्रथम वेगळें करावें. आरोप करणारा दुष्टच असतो, असेंही मानूं नये. प्रामाणिक माणसाचाही तर्क चुकतो.

२. पौलाचें उत्तर

कैसरियांत सुभेदार फेलिक्स याच्यापुढें मुख्य याजकाच्या बाजूच्या वक्त्यानें पौलाविरुद्ध भाषण केलें. पौलानें दिलेल्या उत्तरांत चार गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली ही कीं, सुभेदारानें खुणावल्यावर तो बोलला, व आदरानें बोलला. विद्यार्थ्यानेंही पर्यवेक्षकाशीं भांडूं नये, कागद फाडूं नये, पळून जाऊं नये.

दुसरी ही कीं, त्यानें दिवस व ठिकाणें सांगितलीं. आपणांस यरुशलेमास येऊन बाराच दिवस झाले, आणि मंदिरांत, सभास्थानांत किंवा नगरांत आपण दंगा करतांना कोणास आढळलों नाहीं, असें तो म्हणाला. तसेंच विद्यार्थ्यानें त्याच दिवशीं, निजण्यापूर्वीं, सर्व हकीकत लिहून काढावी : बैठक क्रमांक, वेळ, चिठ्ठी कोठें व कोणास सांपडली, तोंपर्यंत आपण कोणते प्रश्न सोडविले होते, आसपास कोण बसले होते. चिठ्ठींतील अक्षर आपल्या अक्षराशीं ताडून पाहावें, आणि तींतील मजकूर आपल्या उत्तरांत आला आहे काय हें तपासावें, अशी लेखी मागणी करावी.

तिसरी ही कीं, जें खरें होतें तें त्यानें लपविलें नाहीं. ज्या मार्गाला ते पाखंड म्हणत, त्याच मार्गानें आपण देवाची सेवा करितों, हें त्यानें उघड कबूल केलें. खिशांत मोबाइल राहिला असेल तर राहिला होता असें सांगावें, मग त्याबद्दल वेगळी शिक्षा झाली तरी होवो. खोट्या आरोपाला अर्धें खोटें उत्तर दिलें, म्हणजे त्यांतला खरा भागही कोणी मानीत नाहीं. ह्याच कारणास्तव न केलेल्या गोष्टीची कबुलीही देऊं नये. लवकर सुटण्यासाठीं दिलेली अशी कबुली म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेली खोटी साक्षच होय. कोऱ्या कागदावर सही करूं नये. जबाब वाचावा, चुकीचें असेल तें दुरुस्त करून घ्यावें, मगच सही करावी. मित्राला पढवून साक्षीस आणूं नये. पुढाऱ्याचा वशिला व पैसा यांचा आश्रय करूं नये. फेलिक्सही पौलाकडून पैसे मिळण्याची आशा धरून होता. पौल बंदिवासांतच राहिला.

चौथी ही कीं, ज्यांनीं प्रथम ओरड केली ते आशियांतील यहूदी येथें कां नाहींत, असें त्यानें विचारलें. विद्यार्थ्यानेंही नम्रपणें विचारावें : आरोप नक्की कोणता, तो कोणीं केला, व त्याला पुरावा काय?

३. देशाच्या कायद्याचा आधार

प्रभूवर भाव ठेवणाऱ्यानें हक्काची भाषा बोलूं नये, असें कित्येक भाविकांना वाटतें. परंतु पौलानें आपलें रोमी नागरिकत्व पुढें केलें, आणि शेवटीं कैसराकडे दाद मागितली. आपल्या देशांतही अशी दाद मिळते, हें मंडळीच्या सेवकांस ठाऊक असावें.

१९५४ सालीं उत्तर प्रदेशांतील तीन विद्यार्थ्यांचा इंटरमीजिएट परीक्षेचा निकाल गैरप्रकाराच्या आरोपावरून रद्द झाला, व पुढच्या वर्षीं परीक्षेस बसण्याचीही त्यांस मनाई झाली. त्यांचें म्हणणें कोणीं ऐकून घेतलें नव्हतें. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, शिक्षेपूर्वीं त्यांस आपलें म्हणणें मांडण्याची संधि देणें अवश्य होतें. १९६८ सालीं केरळ विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणांत मात्र अशी संधि दिली गेली होती; म्हणून त्याच न्यायालयानें शिक्षेंत हात घातला नाहीं. ह्या दोहोंवरून हा बोध घ्यावा कीं, चौकशी समितीपुढें मिळणारी संधि हीच मुख्य होय. नोटीस आली असतां घरीं बसून रडूं नये. मुदतींत लेखी उत्तर द्यावें, त्याच्या प्रतीवर पोहोंच घ्यावी, आणि चौकशीच्या दिवशीं हजर राहावें.

आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं पाहावयास मागतां येते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं ठरविलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत विद्यार्थी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत तिनें अहवाल द्यावयाचा असतो. त्या निर्णयानें समाधान न झाल्यास १५ दिवसांच्या आंत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करितां येतें.

४. घराचें व मंडळीचें कर्तव्य

ऐकून घेण्यापूर्वीं उत्तर देणें हें मूर्खपणाचें व लाजिरवाणें आहे, असें नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायांत शिकविलें आहे. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायांत एकाच साक्षीवरून दोष ठरविण्यास मनाई आहे, व न्यायाधीशांनीं कसून चौकशी करावी अशी आज्ञा आहे. हे नियम न्यायसभेस जसे, तसे पाणवठ्यावरील बोलण्यासही लागू आहेत.

आईबापांनीं बातमी कळतांच लेंकराकडे जावें, आणि "तूं असें कां केलेंस?" असें न विचारतां "काय घडलें?" असें विचारावें. आरोप झालेल्या तरुणास त्या रात्रीं एकटें ठेवूं नये. लाजेच्या भरांत कित्येकांस जीव नकोसा होतो. अशा वेळीं बाप जवळ बसला, एवढ्यानेंही पुष्कळ होतें. तो जिवाचें बरेंवाईट बोलूं लागला तर त्याची नजर सोडूं नये, व त्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. मुलीवर आरोप आला तर शिक्षण बंद करून तिचें लग्न घाईनें उरकूं नये. लोक तीच तिच्या अपराधाची खूण समजतात. उपदेशकानें चौकशीच्या दिवशीं सोबत जावें. घरांत कोणास इंग्रजी नोटीस वाचतां येत नसेल तर ती वाचून समजवावी. हेंही सेवाकार्यच आहे.

५. सत्याचें फळ केव्हां येतें

पौलाचें उत्तर खरें व पूर्ण होतें, तरी त्याला दोन वर्षें बंदिवासांत राहावें लागलें. म्हणून खरें बोललें म्हणजे उद्यांच सुटका होईल, असें वचन आम्ही कोणास देत नाहीं. आमच्या त्या तरुणानें लेखी उत्तर दिलें. समितीनें अक्षर ताडून पाहिलें, आणि आरोप मागें घेतला गेला. परंतु तोंवर त्याचा निकाल राखून ठेवलेला होता, पुढच्या वर्गाच्या प्रवेशाची मुदत टळली, व एक वर्ष गेलें तें गेलेंच.

निर्णय कळल्यावर आम्ही त्याच्या घरीं गेलों. त्याच्या आईनें चहा पुढें ठेवला व म्हटलें, "पाळकसाहेब, परीक्षेच्या लोकांनीं त्याला बोलावून विचारलें तरी. तुम्हीं तेंही केलें नाहीं." आम्हांजवळ उत्तर नव्हतें. पुढच्या रविवारीं मंडळीसमोर आम्हीं आपला दोष कबूल केला, व त्याची क्षमा मागितली. रविवारच्या शाळेचा वर्ग आतां पुन्हा तोच घेतो.

मननासाठीं प्रश्न

१. पौलावरील आरोपांत लोकांनीं पाहिलेलें किती व तर्क किती?
२. सुटकेसाठीं दिलेली खोटी कबुली पाप कां ठरते?
३. न विचारतां आपण कोणाविषयीं निवाडा केला आहे काय? असेल तर त्याच्या घरीं केव्हां जाणार?

प्रार्थना : हे प्रभो, खोट्या साक्षीचें दुःख तुला ठाऊक आहे. आमच्या लेंकरांस खरें बोलण्याचें धैर्य दे, आणि आम्हां वडील माणसांस आधीं ऐकून घेणारे कान दे. आमेन.