वारशाच्या शेजारची नवी कचेरी

लंडन शहरी थेम्स नदीच्या काठावर वेस्टमिन्स्टरचा प्रासाद, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटचे गृह, उभा आहे. १८३४ साली जुना प्रासाद आगीत भस्मसात झाल्यावर बॅरी व प्युजिन ह्या वास्तुशिल्पज्ञांनी तो पुन्हा उभारला. १९८७ साली त्याची गणना जागतिक वारशात झाली. ह्या प्रासादासमोर, केवळ रस्ता ओलांडून, पार्लमेंटच्या दोनशेहून अधिक सभासदांसाठी कचेऱ्या बांधावयाच्या होत्या. एका बाजूस बिग बेनचा मनोरा, दुसऱ्या बाजूस नॉर्मन शॉ यांनी बांधलेले पोलिसांचे जुने मुख्यालय, आणि पायाखाली भुयारी रेल्वेचे स्थानक! अशा ठिकाणी जुन्याची निव्वळ नक्कल करावी, की काचेची बंद पेटी उभारून रात्रंदिवस यंत्रांनी ती थंड ठेवावी? आमच्या मते दोन्ही मार्ग सारखेच अनुचित होत.

मायकेल हॉपकिन्स यांनी तिसरा मार्ग शोधला. २००१ साली उघडलेल्या त्यांच्या ‘पोर्टकलिस हाउस’वर उंच धुराडी आहेत. शेजारच्या मुख्यालयालाही तशीच उंच धुराडी असल्याने ती परकी वाटत नाहीत. परंतु त्यांतून धूर निघत नाही. निघते ती वापरलेली हवा. ताजी हवा रस्त्यावरील वाहनांच्या धुरापासून दूर, छपराच्या उंचीवर आत घेतात. ती भिंतीतील नळांतून उतरून फरशीखालच्या पोकळीत येते व तेथून खोलीत शिरते. माणसांच्या व दिव्यांच्या उष्णतेने हलकी होऊन ती वर चढते आणि धुराड्याकडे निघते. थंडीच्या दिवसांत एक फिरते चाक जाणाऱ्या हवेची उष्णता काढून येणाऱ्या हवेच्या स्वाधीन करते. पंखे आहेत, पण त्यांस श्रम थोडे.

ह्या इमारतीचा दर्शनी भाग लक्षपूर्वक पाहावा. त्यातील दगडी खांब वर जाताना निमुळते होतात, कारण वर भार कमी. शेजारचे कांस्याने मढविलेले नळ मात्र रुंदावतात, कारण प्रत्येक मजल्याची हवा त्यांत मिळत जाते. जे काम करते तेच येथे अलंकार झाले आहे.

उन्हाळ्यात गारव्यासाठी भूगर्भातील थंड पाणी खोल विहिरींतून वर आणतात. काँक्रीटची छते उघडी ठेवलेली आहेत. ती रात्री गार होतात व दिवसाचा उष्मा शोषून घेतात. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती हेच करीत आल्या आहेत, पण त्याचे कोणी कौतुक केल्याचे आमच्या ऐकिवात नाही!

खर्च मात्र सुमारे २३ कोटी ५० लक्ष पौंड झाला आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. चौकातील अंजीरवर्गीय झाडे भाड्याने आणल्याचा तर उपहासच झाला. पुढे चौकावरील काचेचे छत गळू लागले, ते वेगळेच.