खिडकीची पोकळी आणि दोन कर्ण
(इयत्ता सातवी : गणिताचा प्रत्यक्ष पाठ)

जुन्या शाळागृहाच्या खिडक्या बदलण्याचे काम निघते तेव्हा गणिताच्या शिक्षकास एक उत्तम पाठ आयता मिळतो. यांतील बऱ्याच इमारती फूट-इंचांच्या काळातील. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, आणि नवी खिडकी सेंटिमीटरमध्ये मागवावी लागते. चार फूट म्हणजे १२१.९२ व तीन फूट म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. तेव्हा १२० × ९० ची खिडकी सहज बसेल, असे कागदावर दिसते.

भिंतीचे म्हणणे निराळे असते. गिलाव्याचे थर चढलेले असतात, कडा झिजलेल्या असतात. म्हणून रुंदी वर, मध्ये व खाली, आणि उंची दोन्ही कडांस व मध्ये मोजवून घ्यावी आणि सर्वांत लहान माप धरावे. सरासरी नुकतीच शिकलेली असल्यामुळे ती काढण्याचा मोह मुलांस हटकून होतो. सरासरीची चौकट अरुंद जागी अडते, हे त्यांचे त्यांना कळू द्यावे.

पाठाचा खरा गाभा याच्या पुढे आहे. समजा, रुंदी तिन्ही ठिकाणी १२० व उंची ९० भरली. आता सुतळीने दोन्ही कर्ण मोजावयास सांगावे. कोन काटकोन असतील तर प्रत्येक कर्ण १५० भरेल. एक १५१.५ व दुसरा १४८.५ भरला, तर बाजू कललेल्या आहेत. तळ सपाट असता वरची कड सुमारे १.९ सेंटिमीटर सरकलेली असते. सरळ चौकटीस तेवढी रुंदी कमी मिळते, म्हणजे सुमारे ११८. सांध्यासाठी दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर सोडला की उरली ११६. हे फळ्यावर सांगण्यापेक्षा ओळंबा लावून दाखवावे.

दीड-दोन सेंटिमीटरची फट सिमेंटच्या मालाने भरता येते. वीतभर जागा उरल्यास विटांचे काम जुन्या भिंतीत दाते काढून गुंतवावे. नुसता माल कोंबल्यास भेगा पडून पावसाचे पाणी वर्गात येते. चौकट मोठी आली तर गवंडी छिन्नी उचलतो. त्या वेळी मुख्याध्यापकांनी स्वतः तेथे उभे राहावे. बाजूचा गिलावा काढण्यास हरकत नाही. परंतु वरच्या तुळईचा तळ फोडू देऊ नये, आणि ती ज्या भिंतीवर टेकलेली आहे तो भागही कोरू देऊ नये. वरचा भार तेथूनच खाली उतरतो, आणि त्या भिंतीलगत मुले बसतात.

मागणी नोंदविण्यापूर्वी बांबूच्या पट्ट्यांची त्याच मापाची चौकट बांधून पोकळीत बसवून पाहावी. खिडक्या सारख्या दिसल्या तरी प्रत्येकीस क्रमांक द्यावा व मापांचे कोष्टक मुलांकडून दोन प्रतींत लिहवून घ्यावे. एक प्रत सुतारास, एक शाळेच्या दप्तरी.